बेने इस्राएल कबरस्थानांची भेट : वंशावळ शोधणाऱ्यांनी आधी स्त्रियांचे दगड वाचावेत

सागरगड

नमस्कार मंडळी. आमच्या वंशावळ-अभ्यास गटाने यंदाच्या थंडीत अलिबाग तालुक्यातील बेने इस्राएल या कोकणातील यहुदी समाजाच्या दोन कबरस्थानांना माहितगारांसह भेट दिली. गटात बेने इस्राएल घराण्यांतील मंडळी होती, तशी कोकणातील इतर समाजांचीही होती. आपापले कुलवृत्तांत जुळवताना हाती येईल ते साधन वापरून पाहावे, एवढाच आमचा सर्वांचा समान धागा. या भेटीतून जे शिकायला मिळाले, ते पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिले ठिकाण नवगाव. थळ आणि किहीम यांच्या बाजूचे हे किनाऱ्यावरचे गाव बेने इस्राएल समाजाच्या उगमकथेत पहिले येते. परंपरा अशी सांगते की यहुदी कुटुंबांना घेऊन येणारे एक गलबत खांदेरी-उंदेरीच्या आसपास फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या नवगावच्या किनाऱ्याला जिवंत लागल्या. लाटांनी किनाऱ्यावर आणलेली प्रेते त्यांनी तेथेच पुरली. पुरुषांसाठी एक आणि स्त्रियांसाठी एक असे दोन उंचवटे त्या घटनेची खूण म्हणून आजही दाखवतात. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी 1897 मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि 1937 मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात ही कथा नोंदवली असून तिचा काळ त्यांनी इसवी सनापूर्वी 175 च्या सुमाराचा मानला आहे. तेथे आता स्मारकस्तंभ आहे आणि देशोदेशींची बेने इस्राएल कुटुंबे तो पाहायला येतात.

वंशावळ शोधणाऱ्याने मात्र नवगावला जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथील सर्वांत जुन्या कबरी म्हणजे नुसते दगड आहेत; त्यांवर एक अक्षरही नाही. यामागे कारण आहे. शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना एवढे या समाजाने शतकानुशतके सांभाळले, पण हिब्रू भाषा लिहिण्यावाचण्याची परंपरा मध्यंतरी तुटली होती. कोचीनहून आलेले शिक्षक आणि नंतर मिशनरी शाळा यांच्यामुळे एकोणिसाव्या शतकात ती पुन्हा जोडली गेली. मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठी वाचकांसाठी हिब्रूचे व्याकरण 1832 मध्ये छापले. पेसाखच्या सणाला वाचायची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह मुंबईत 1846 मध्ये निघाली. लेख कोरलेले दगड मोठ्या संख्येने दिसू लागतात ते या पिढ्यांच्या नंतर. म्हणून नवगावला जावे ते मूळ पाहायला. नावे शोधण्यासाठी गावोगावची नंतरची कबरस्थाने पाहावी लागतात.

आमचे दुसरे ठिकाण असेच एक कबरस्थान होते. तेथील दगडांवर अलीकडच्या कुटुंबांची नावे असल्याने गावाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. चारी बाजूंनी करवंदीची जाळी, मध्ये काळ्या दगडाच्या आणि संगमरवराच्या पाट्या. बऱ्याच पाट्यांवर वर हिब्रू, मध्ये बालबोध मराठी आणि खाली इंग्रजी असे तीन मजकूर आहेत, आणि हे तिन्ही एकमेकांचे भाषांतर नाहीत. या चर्चेचा गाभा हाच आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

पुरुषाच्या दगडावर हिब्रूत ‘अमुक बेन तमुक’, म्हणजे अमक्याचा मुलगा, असे असते. मराठीत तेच नाव घरातल्या रूपात येते. मुंबईतील शआर हारहमीम हे सिनेगॉग (यहुदी प्रार्थनामंदिर) 1796 मध्ये बांधणारे सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांना लोक समाजी हसाजी म्हणत, हे याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. इंग्रजी ओळीत पुन्हा बायबलातले रूप, आणि त्यापुढे बहुधा पलटणीतला किंवा कचेरीतला हुद्दा. म्हणजे एकाच माणसाची तीन नावे एका दगडावर मिळतात, आणि वेगवेगळ्या कागदांत तीन माणसे म्हणून वावरणारा पूर्वज एकच आहे हे त्या दगडापुढे उभे राहिल्यावर कळते.

पण खरे धन स्त्रियांच्या दगडांवर आहे. मराठी ओळ तिला नवऱ्याच्या नावाने ओळखते, ‘अमक्याची बायको’. हिब्रू ओळ मात्र ‘बत’ म्हणजे मुलगी असे म्हणून तिच्या बापाचे नाव देते. सातबारा, फेरफार, पेन्शनची कागदपत्रे यांत लग्नानंतर बाईचे माहेर पुसले जाते. येथे ते दगडावर कोरलेले आहे. एका पाटीवर सासर आणि माहेर अशी दोन घराणी जोडलेली सापडतात, आणि कोणत्या गावच्या मुली कोणत्या गावी दिल्या जात, याचा नकाशा तयार होऊ लागतो. आमच्या गटातील एकीला तिच्या पणजीचे माहेर घरातल्या कोणालाही सांगता येत नव्हते. ते तिला या ‘बत’ शब्दापुढच्या नावामुळे आणि शेजारच्या दगडावरच्या आडनावामुळे सापडले. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की कबरस्थानात शिरल्यावर सुभेदार-मुकादमांच्या भव्य दगडांकडे धाव न घेता आधी स्त्रियांचे दगड वाचावेत आणि त्यांची यादी स्वतंत्र करावी.

दुसरे सांगणे नोंद घेण्याविषयी. दगड सुटा नोंदवू नये. ओळ कितवी, ओळीतला दगड कितवा, डावीउजवीकडे कोण, हे लिहून घ्यावे. एका बाईच्या दगडावरील वर्ष वाचताना हे फार उपयोगी पडले. हिब्रू वर्ष अक्षरांनी लिहितात आणि हजाराचा आकडा बहुधा गाळतात. तव म्हणजे 400, रेश म्हणजे 200, मेम म्हणजे 40. येथपर्यंत अक्षरे स्वच्छ होती. शेवटचे अक्षर ‘हे’ असेल तर 5, ‘खेत’ असेल तर 8. या दोन अक्षरांत फरक एवढाच की ‘हे’चा डावा पाय वरच्या रेघेपासून किंचित सुटा असतो आणि ‘खेत’चा जोडलेला असतो, त्या सुट्या जागेत नेमके दगडफूल बसले होते. म्हणजे वर्ष 645 की 648? अशा हजार गाळलेल्या वर्षात 1240 मिळवले की इसवी सन येतो, तेव्हा 1885 की 1888, असा प्रश्न. आमच्या माहितगारांनी त्या ओळीतले बाकीचे दगड आधी वाचायला लावले. ते सगळे मृत्यूच्या क्रमाने लागलेले आहेत अशी खात्री झाली, आणि पुढच्याच दगडावर 646 हे वर्ष स्पष्ट होते. तेव्हा 648 शक्य नव्हते. शेजारचा दगड टिपला नसता, तर हा प्रश्न घरी येऊन सुटला नसता.

ज्यांनी अशी कबरस्थाने पाहिली आहेत किंवा ज्यांच्या घरात याविषयीची माहिती आहे, त्यांनी अवश्य लिहावे.

मोडीवाचक

ताई, लेख अतिशय उपयुक्त झाला आहे. दगडाला कागदाची जोड कशी द्यावी, याविषयी थोडी भर घालतो. कोकणातील गावांत जन्ममृत्यूच्या नोंदी ज्या वहीत होत, तिला लोक कोतवाल बुक म्हणतात. महसुली भाषेत तो गाव नमुना 14. जुन्या वह्या मोडीत आहेत आणि त्यांच्या नकला तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळवता येतात. दगडावरून वर्ष निश्चित झाले की त्या वर्षाची वही मागता येते. वर्षच माहीत नसेल, तर सगळी दप्तरे चाळण्यात जन्म जातो. म्हणून 1885 की 1888 हा प्रश्न आपण जागेवरच सोडवलात, ते फार चांगले केले.

जातीच्या रकान्याविषयी एक सूचना. या समाजाचा पूर्वीचा मुख्य धंदा तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून किनाऱ्यावर त्यांना शनवार तेली म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली हे हिंदू तेली होत. वहीत नुसते ‘तेली’ असे असेल तर घाईने निष्कर्ष काढू नये आणि ‘शनवार तेली’ अशी नोंद दिसली तर ती दुसऱ्या कोणाची म्हणून सोडूनही देऊ नये. नावावरून, घरावरून आणि शेजारच्या नोंदींवरून पडताळावे.

शिवाय मोडीत काही अक्षरांचे वळण घाईच्या हातात सारखे दिसते. हिब्रू नावांची मराठी रूपे आधीच अपरिचित असल्यामुळे वाचणारा ती आपल्या ओळखीच्या नावाकडे ओढतो. दगडावरचे बालबोध रूप समोर ठेवून मोडी वाचले तर ही ओढाताण टळते.

चिपळूण ते चौल

एक प्रश्न आणि एक निरीक्षण. चौदा माणसे आणि फुटलेले गलबत ही कथा वाचताना आम्हा चित्पावनांच्या उगमकथेची आठवण होणे अपरिहार्य आहे. परशुरामाने समुद्रकिनाऱ्याला लागलेली चौदा प्रेते जिवंत केली, ही कथा लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोन्ही कथांत किनारा तोच आणि संख्याही तीच. या साम्यावरून दोन्ही समाज एकच होते, असे सांगणारे लेख अधूनमधून फिरत असतात. आपल्या गटात याविषयी काय मत पडले?

आडनावांबद्दलही लिहावेसे वाटते. मी आमच्या कुलवृत्तांताच्या कामात दिवेकर आणि दांडेकर ही आडनावे बेने इस्राएल याद्यांत पाहिली तेव्हा गोंधळलो होतो.

सागरगड

@चिपळूण ते चौल, या साम्यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. कथा एकमेकींसारख्या असल्या तरी त्यावरून माणसे एकमेकांची नातलग ठरत नाहीत. ज्या किनाऱ्यावर गलबते फुटत आणि परके लोक समुद्रातून येत, त्या किनाऱ्यावरच्या समाजांनी आपले मूळ समुद्राच्या तोंडून सांगावे, यात नवल नाही. वंशावळीचे काम करणाऱ्याने अशा कथेला मान द्यावा, ती जशी ऐकली तशी उतरवून घ्यावी आणि तिला वंशवृक्षाच्या पहिल्या पिढीच्या जागी बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आडनावांचे म्हणाल तर ती गावांची आहेत, जातीची नव्हेत. बेने इस्राएल समाजात किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर, राजपूरकर, आपटेकर, वाक्रुळकर अशी शंभराहून अधिक आडनावे आहेत आणि त्यांतली बरीचशी रायगड जिल्ह्यातील गावांवरून पडली आहेत. एकाच गावातून निघालेल्या हिंदू, मुसलमान आणि यहुदी कुटुंबांनी एकच आडनाव लावले, याची उदाहरणे या किनाऱ्यावर हवी तेवढी आहेत. त्यामुळे आडनाव सारखे आहे एवढ्यावरून नाते जोडू नये. मात्र आडनाव आपल्याला गाव सांगते, गाव आपल्याला कबरस्थान सांगते, आणि तेथून पुढचे काम सुरू होते. एवढा मोठा उपयोग इतर ठिकाणच्या संशोधकांना क्वचितच मिळतो.

पलटणीचा पेटारा

ताईंच्या मुख्य मुद्द्याशी मी काहीसा असहमत आहे, म्हणून लिहितो. बेने इस्राएल पुरुष मुंबई इलाख्याच्या पलटणींत मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्यातील कित्येक जण सुभेदार, सुभेदार मेजर या हुद्द्यांपर्यंत पोचले. हुद्दा कोरलेला दगड सापडला की पुढे पलटणीची दप्तरे, पेन्शनच्या याद्या, मेडलांच्या नोंदी असा भरभक्कम पुरावा उघडतो. ‘बहादूर’ ही पदवी दगडावर दिसली तर ती बहुधा 1837 मध्ये सुरू झालेल्या ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडियाच्या दुसऱ्या वर्गाची आणि ‘सरदार बहादूर’ असेल तर पहिल्या वर्गाची, एवढ्या एका शब्दावरून त्या माणसाच्या नोकरीचा काळ कमीअधिक ठरवता येतो. स्त्रियांच्या दगडांवरून असा कागदी माग निघत नाही. मग शोध त्यांच्यापासून का सुरू करावा?

दुसरे असे की काझी, मुकादम, हाजान (प्रार्थना चालवणारा), गबई (सिनेगॉगचा खजिनदार), चौगुला ही समाजातील कामे पुरुषांच्या दगडांवर येतात. समाजाला धर्माची शिकवण पुन्हा देणाऱ्या दाविद रहाबी यांनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील तिघांना शिकवून काझी केले, अशी परंपरा आहे. त्या घराण्यांचा माग काढणाऱ्याला पुरुषांचेच दगड आधी पाहावे लागतील.

सागरगड

आपला मुद्दा योग्य आहे आणि पलटणीविषयी दिलेली माहिती मी आमच्या टिपणांत घेत आहे. तरीही माझा आग्रह कायम आहे. सुभेदाराची माहिती दगड नाहीसा झाला तरी पलटणीच्या दप्तरात राहील. त्याच्या बायकोच्या बापाचे नाव सांगणारे दप्तर कोठे आहे? जे दुसरीकडे मिळू शकते ते नंतर घेता येईल. जे फक्त येथेच आहे आणि दर पावसाळ्यात थोडे थोडे झिजत आहे, ते आधी उतरवून घ्यायला हवे.

दगडाखेरीज माहेरचे नाव देणारे आणखी एक साधन म्हणजे केतुबा, विवाहाचा लेखी करार. त्यातही वधूच्या बापाचे नाव असते.   ज्या कुटुंबांनी आपल्या आजी-पणजीचा केतुबा ट्रंकेत जपून ठेवला आहे, त्यांनी त्याचा फोटो काढून ठेवावा. कागदाला वाळवी लागते आणि घरे बदलताना अशा गोष्टी रद्दीत जातात.

आजोळ किहीम

सागरगड ताई, मी हे इस्राएलमधल्या लोदहून लिहीत आहे. आमचे कुटुंब माझ्या जन्माआधी इस्राएलला आले, पण घरात अजून मराठी बोलली जाते आणि एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया पैगंबराच्या नावाचा, मलिदा पोहे, खोबरे, साखर घालून अगदी अलिबागच्या पद्धतीने होतो. स्त्रियांच्या दगडांविषयी आपण लिहिलेत ते वाचून मला राहवले नाही.

येथे येऊन स्थायिक झालेल्या बेने इस्राएल लोकांना एका फार कठीण काळातून जावे लागले, हे भारतातील पुष्कळांना माहीत नसेल. 1962 मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना अशा सूचना दिल्या की बेने इस्राएल वधू किंवा वर आला तर त्याच्या आईची, आईच्या आईची आणि त्यामागेही जितके जाता येईल तितकी चौकशी करावी. यहुदी धर्मशास्त्रात आईवरून यहुदीपण ठरते, म्हणून रोख आईच्या बाजूवर होता. आमच्या लोकांनी त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले, जेरुसलेमला धरणे धरले, आणि ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केल्यावर त्या सूचनांमधून आमच्या समाजाचे नाव काढले गेले.

माझी आजी त्या दिवसांविषयी फार बोलत नसे. पण आपल्या आईचे, आजीचे आणि पणजीचे नाव, त्यांचे बाप कोण आणि त्या कोणत्या गावच्या, हे ती आम्हा नातवंडांकडून पाठ करून घेई. पाढे म्हणावेत तसे आम्ही ते म्हणत असू. ज्या पणजीचे नाव मी असे पाठ केले, तिचा दगड रायगडमधल्या कोणत्या तरी करवंदीच्या जाळीत असणार. त्याच्यावर ‘बत’ या शब्दापुढे जे नाव असेल ते आजीने सांगितलेलेच असेल, याची मला खात्री आहे, पण ते डोळ्यांनी पाहावे अशी फार इच्छा आहे. गाव मी आपल्याला खासगीत कळवीन. तेथे आपला गट जाणार असेल तर कृपया मला सांगा. मी येण्याचा प्रयत्न करीन.

सागरगड

आजोळ किहीम, आपले लिहिणे वाचून गटातल्या सर्वांना ते पाठवले. गावाचे नाव अवश्य कळवा. पुढची भेट ठरवताना तेच गाव पहिल्यांदा घेऊ.

खारी हवा

मला व्यवहाराचे विचारायचे आहे. आमच्या गावच्या जुन्या दगडांवरची अक्षरे उठावदार दिसावीत म्हणून कोणी खडूची भुकटी चोळतात, कोणी पीठ लावतात, आणि एका ठिकाणी तर फरशी धुण्याचे अॅसिड ओतून दगड ‘स्वच्छ’ केलेला मी स्वतः पाहिला. अक्षरे आता पूर्वीपेक्षाही कमी दिसतात. योग्य पद्धत कोणती?

मोडीवाचक

अॅसिड कदापि नको. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड. अॅसिड पडताच त्याचा पृष्ठभाग विरघळतो आणि अक्षरांच्या कडा जातात. आपल्या खाऱ्या हवेत मुरलेला क्षार दगडाचे पापुद्रे काढतच असतो, त्यात ही भर. तारेचा ब्रशही नको. खडू आणि पीठ सच्छिद्र दगडात शिरून बसतात आणि पिठावर तर बुरशी धरते.

अक्षरे वाचायला हवा असतो तिरपा उजेड. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जावे. दगड उत्तरेकडे तोंड करून असेल आणि त्यावर ऊन येतच नसेल, तर साधा आरसा घेऊन उन्हाची तिरीप बाजूने पाडावी. भर दुपारी छत्रीने सावली करून बाजूने टॉर्च धरला तरी खोदलेले अक्षर सावलीने भरून उठून दिसते. फार तर साधे पाणी फवारावे. मातीसाठी मऊ कुंचला पुरे.

संगमरवरी पाट्यांवरील शिशाची अक्षरे गळून पडलेली असतात. निराश होऊ नये. शिसे धरून राहावे म्हणून कारागिराने प्रत्येक अक्षरात बारीक भोके पाडलेली असतात, आणि त्या भोकांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येते. फोटो मोठा करून भोके जोडत गेले की नाव उलगडते. माझ्या पाहण्यात असे एक पूर्ण नाव केवळ भोकांवरून लागले आहे.

चिपळूण ते चौल

धन्यवाद. जनुकीय चाचण्यांविषयी कोणी सांगेल का? हल्ली वंशावळीचे काम म्हटले की लोक प्रथम तिकडेच वळतात.

आजोळ किहीम

आमच्या समाजाचा जनुकीय अभ्यास झालेला आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बेने इस्राएल लोकांमध्ये पश्चिम आशियाई यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वारसे असल्याचे आढळले, आणि या दोहोंचे मिश्रण 19 ते 33 पिढ्यांपूर्वी झाले असावे असा अंदाज मांडला गेला. आम्हाला त्यात आनंद वाटला, कारण वाडवडिलांनी सांगितलेल्या गोष्टीतला यहुदी धागा त्यातून दिसला. पण त्यातून माझ्या पणजीचे माहेर कळत नाही. त्यासाठी दगडच वाचावा लागेल.

सागरगड

भेटीला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी रीतीविषयी लिहिते, कारण निरोपांतून हे बऱ्याच जणांनी विचारले आहे.

शनिवारी आणि यहुदी सणांच्या दिवशी कबरस्थानात जाऊ नये. अलिबागच्या इस्राएल आळीत किंवा ज्या गावी जाणार तेथील समाजाच्या मंडळींकडे आधी विचारून परवानगी घ्यावी. बरीच कुटुंबे गाव सोडून गेली असली तरी देखरेख करणारे कोणी ना कोणी असते. पुरुषांनी टोपी घालावी किंवा रुमालाने डोके झाकावे. कबरीवर फुले, उदबत्ती, हळदकुंकू काहीही वाहू नये. येऊन गेल्याची खूण म्हणून लहान खडा ठेवण्याची रीत आहे. तो ठेवावा आणि आधी ठेवलेले खडे हलवू नयेत. बाहेर पडताना हात धुतात, म्हणून पाणी बरोबर असावे. कबरीवरून ओलांडून जाऊ नये, फोटोसाठी दगडावर टेकून उभे राहू नये. मुंबईकरांना गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरल्यावर रिक्षा मिळते. पावसाळ्यात या लाँच बंद असतात हे लक्षात ठेवावे.

तारखांविषयी आणखी दोन गोष्टी. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे रात्री झालेल्या मृत्यूची हिब्रू तारीख आणि इंग्रजी तारीख यांत एका दिवसाचा फरक पडू शकतो. अशा वेळी कोरणाऱ्याची चूक समजू नये. आणि 1240 मिळवण्याचा नियम वर्षाच्या मोठ्या भागाला लागू पडतो, पण यहुदी वर्ष शरद ऋतूत तिश्री महिन्याने सुरू होत असल्याने तिश्रीपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना एक वर्ष वजा करावे लागते. 660 हे वर्ष असेल तर ते 1899 च्या शरदापासून 1900 च्या शरदापर्यंत चालते. आपल्या अधिक मासासारखा त्यांच्याकडेही 19 वर्षांत सात वेळा जादा महिना येतो आणि तेव्हा अदार महिना दोनदा धरतात. दगडावर ‘दुसरा अदार’ असे असेल तर ते वर्ष जादा महिन्याचे आहे का ते ताडून पाहावे. वर्ष बरोबर वाचल्याची ती चांगली परीक्षा आहे.

पलटणीचा पेटारा

ताई, शेवटच्या परिच्छेदाबद्दल विशेष आभार. माझ्याकडच्या एका जुन्या फोटोत ‘दुसरा अदार’ आहे आणि वर्षाचे शेवटचे अक्षर फुटले आहे. जादा महिन्याची वर्षे ताडून पाहिली तर शक्यता पुष्कळ कमी होतील. फोटो खासगीत पाठवतो. एक विनंती अशी की दगडांचे फोटो सरसकट जगभराच्या संकेतस्थळांवर चढवण्याआधी कुटुंबांना विचारावे, असा नियम गटाने करावा. जुन्या दगडांचे ठीक आहे, पण अलीकडच्या दगडांवर हयात मुलाबाळांची नावे असतात.

सागरगड

तो नियम आम्ही पाळतोच. आता लेखी करून घेऊ. गटाचे नोंदपत्रक नव्याने तयार केले आहे : ओळ, ओळीतला क्रमांक, डावीउजवीकडचे दगड, हिब्रू नाव, ‘बेन’ की ‘बत’, बापाचे नाव, मराठी नाव, नवऱ्याचे नाव, गाव, तीनही तारखा आणि फोटोचा क्रमांक. स्त्रियांच्या नोंदींसाठी वेगळा, फिकट पिवळा कागद ठेवला आहे, म्हणजे घाईत त्या इतर नोंदींत मिसळणार नाहीत. ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी निरोप पाठवावा. पुढची भेट पाऊस संपून गवत कापून झाल्यावर, तिश्रीचे सण उरकले की एका रविवारी ठेवू, आणि आजोळ किहीम यांनी कळवलेल्या गावाच्या कबरस्थानाची परवानगी मागणारे पत्र मी या आठवड्यात देखरेख करणाऱ्या मंडळींना देत आहे.